साखर ताब्यात आहे, पण हृदयाचं काय? निपाणीहून आलेल्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. मागच्या लेखात मी मधुमेहाच्या एम्पाग्लिफ्लोझिनसारख्या नव्या गोळ्यांबद्दल लिहिलं होतं, त्यावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुम्ही लिहिलंय, "तुम्ही नव्या गोळ्यांची जाहिरात करताय. वडील अठरा वर्षं ग्लिमेपिराइड-मेटफॉर्मिन या साखरेच्या जुन्या गोळ्यांवर आहेत. दोन वर्षांपूर्वी बेळगावात स्टेंट बसला, तरी साखर उपाशीपोटी ११० येते. रोझिग्लिटाझोनही असंच नवं म्हणून आलं आणि बंद झालं. मग बदलायचं कशाला?"

रोझिग्लिटाझोन या मधुमेहाच्या गोळीचं उदाहरण अगदी योग्य दिलंत. २००७ मध्ये ४२ चाचण्यांचे आकडे एकत्र केले, तेव्हा त्या गोळीवर हार्ट अटॅकचा धोका ४३ टक्क्यांनी जास्त दिसला. आपल्याकडे २०१० मध्ये तिची विक्री थांबली. पुढे २०१३ मध्ये अमेरिकेने तिच्यावरचे निर्बंध सैल केले, पण त्याआधीच, २००८ मध्ये, तिथे नियम आला होता: औषध साखर उतरवतं एवढ्यावर भागणार नाही, हृदयाला त्याचा धोका नाही हेही दाखवा. म्हणजे तुम्हाला ज्या गोळ्यांचा संशय येतो, त्यांनाच ही कडक परीक्षा द्यावी लागली.

एम्पाग्लिफ्लोझिन म्हणजे लघवीवाटे साखर बाहेर टाकणारी गोळी. तिची २०१५ ची चाचणी बघा. त्यात हृदयविकार आधीच असलेली, तुमच्या वडिलांसारखी सात हजारांवर माणसं होती. साधारण तीन वर्षांत, औषध नसलेली नुसती गोळी घेणाऱ्या शंभरांतली सहाच्या आसपास हृदयविकाराने गेली, एम्पाग्लिफ्लोझिन घेणाऱ्यांतली चारपेक्षा कमी. दोन्हीकडे नेहमीची औषधं चालूच होती आणि साखरेत फरक पडला तो किरकोळ. उलट २००८ मध्ये एका मोठ्या चाचणीत औषधं वाढवून साखर जोर लावून खाली आणली, तर मृत्यू वाढले आणि तो प्रयोग मध्येच थांबवावा लागला. म्हणून मी सांगत असतो, ११० हा आकडा साखरेचा आहे. हृदयाचा हिशेब त्यात येत नाही.

हे मी आईच्या पायांवरून शिकलो. तिची साखर उत्तम होती. एका दिवाळीत तिच्या चपला घट्ट व्हायला लागल्या. घोट्याजवळ अंगठा दाबला तर खळगा पडला आणि बराच वेळ तसाच राहिला. रात्री दोन उशा घेतल्याशिवाय झोप येईना. तिच्या साखरेच्या गोळीच्या पट्टीमागे बारीक अक्षरात पायोग्लिटाझोन होतं. त्याने अंगात पाणी साठतं, आणि हृदय अशक्त असेल तर ते झेपत नाही. आधीच्या डॉक्टरांनी हृदयाची चौकशीच केली नव्हती. आम्हीही विचारलं नव्हतं.

तुमच्या वडिलांची ग्लिमेपिराइड मात्र हृदयाची वैरी नाही. २०१९ च्या एका चाचणीत सहा हजार माणसांना सहा वर्षांवर पाहिलं, तेव्हा हृदयाच्या बाबतीत ती लिनाग्लिप्टिन या मधुमेहाच्या दुसऱ्या गोळीच्या बरोबरीची निघाली. साखर एकदम उतरून घाम फुटण्याचे प्रकार तेवढे तिच्यावर बरेच जास्त झाले.

एका गोष्टीत तुम्ही मला पकडलंत, आणि ते मान्य आहे. मागच्या लेखात मी एम्पाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्यांचे तोटे लिहिले नव्हते. लघवीच्या जागी बुरशी होते. अंगातलं पाणी कमी होतं. आपल्याकडच्या गावागावांतून दिंड्या पंढरपूरला जातात, घरोघरी निर्जळी एकादशी असते. अशा उपासात किंवा उलट्या-जुलाबात ही गोळी चालू राहिली, तर साखर फारशी वाढलेली नसतानाही रक्तात आम्ल साठून जीवावर बेतू शकतं. ऑपरेशनच्या तीन दिवस आधीही ती बंद करतात. हे आधी लिहायला हवं होतं.

खर्चाचं म्हणाल, तर मार्च २०२५ मध्ये एम्पाग्लिफ्लोझिनचं पेटंट संपलं आणि अनेक कंपन्यांच्या स्वस्त गोळ्या आल्या.

स्वतःहून काही बंद किंवा सुरू करू नका. पुढच्या वेळी स्टेंटची फाइल, इको (हृदयाची सोनोग्राफी) आणि क्रिएटिनिनचा (मूत्रपिंडाच्या तपासणीचा) रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडे जा आणि "यांच्या हृदयासाठी कुठली गोळी चालू आहे?" असं सरळ विचारा. त्याआधी घरातली पट्टी उलटी करून वाचा. दोन औषधांच्या आणि तीन औषधांच्या गोळ्यांची नावं इतकी सारखी असतात की एखाद्या अक्षराचाच फरक असतो.