कुत्र्याच्या तोंडी घातलेली दिवाळी

दिवाळी जवळ आली की पाळीव कुत्र्याच्या तोंडी घातलेली विनोदी मनोगते व्हॉट्सॲपवर फिरू लागतात. ‘माझी माणसे पहाटे अंगाला तेल चोपडतात आणि घरात दिवे असताना दाराबाहेर आणखी दिवे लावतात’ अशी त्यांची सुरुवात असते, आणि इथपर्यंत ती वाचायला खरोखर छान वाटतात. माझा आक्षेप त्या विनोदाला नसून, त्याच्या आडून खरी म्हणून पसरणाऱ्या आणि घरोघरी आचरणात येणाऱ्या विधानांना आहे.

‘माणसांच्या सणांत आणि कथांत गायबैलांना मान आहे, आम्हाला मात्र जागा नाही’ हे त्यांतले पहिले विधान. दत्तात्रेयांच्या पायाशी बसलेले चार श्वान आणि खंडोबाच्या घोड्यासोबत धावणारा कुत्रा मराठी घरांतल्या तसबिरींत रोज दिसतात. नेपाळमध्ये तिहार सणाच्या दुसऱ्या दिवशी, कुकुर तिहारला, कुत्र्यांना टिळा लावून झेंडूच्या माळा घालतात. सणाकडे कुत्र्याच्या बाजूने पाहणारी कथा तर महाभारताच्या आदिपर्वातच आहे. कुरुक्षेत्रावर राजा जनमेजयाचे सत्र, म्हणजे दीर्घकाळ चालणारा यज्ञ, चालू असताना तिथे आलेल्या कुत्र्याच्या एका पिल्लाला राजाच्या भावांनी मारले. हविर्द्रव्याकडे आपण पाहिलेही नाही आणि त्याला जीभही लावली नाही, असे त्याने रडत आईला सांगितले. तेव्हा ती आई, देवांची कुत्री सरमा, थेट यज्ञमंडपात गेली, निरपराध लेकराला का मारले असा जाब तिने राजाला विचारला आणि उत्तर मिळेना तेव्हा शाप दिला. माणसांच्या उत्सवात कुत्र्यावर अन्याय होऊ शकतो, हे आपल्या परंपरेने इतक्या स्पष्टपणे नोंदवून ठेवले आहे.

दुसरे विधान अधिक घातक आहे: ‘फटाका वाजला की मी पलंगाखाली शिरतो ते नाटक, दोन दिवसांत सवय होते.’ माणसाला साधारण २०,००० हर्ट्‌झपर्यंतचे ध्वनी ऐकू येतात, कुत्र्याला सुमारे ४५,००० हर्ट्‌झपर्यंतचे. फुटण्याच्या जागेपासून ४ मीटरवर १२५ डेसिबलपर्यंतचा आवाज आपल्या नियमांत बसतो, म्हणजे कायदेशीर फटाकासुद्धा त्याच्यासाठी भयंकरच असतो. सवय होते ती सौम्य आणि अपेक्षित आवाजाची. जो आवाज अवचित येतो, कुठून आला ते कळत नाही आणि ज्यापासून पळूनही जाता येत नाही, त्याची भीती अनेक कुत्र्यांत दरवर्षी वाढत जाते आणि पुढे मेघगर्जनेलाही चिकटते. थरथरणे, धापा टाकणे, लाळ गळणे, आवडता खाऊही नाकारणे ही नाटकाची लक्षणे नव्हेत. झब्बा घातलेला कुत्रा ‘कंटाळून जांभया देतो’ म्हणून ज्या चित्रफिती हौसेने पाठवल्या जातात, त्यांतही पुन्हा पुन्हा ओठ चाटणे, कान मागे पाडणे आणि डोळ्यांचा पांढरा भाग दिसणे हे सोबत असेल, तर ती जांभई बहुधा ताणाचीच असते. ‘जवळ घेतले तर भीती वाढते’ हाही गैरसमज आहे. तो बिलगत असेल तर त्याला खुशाल जवळ घ्यावे. आतल्या खोलीत अंथरूण घालून खिडक्या बंद कराव्यात, फिरवून आणणे उजेडीच उरकावे आणि भीती तीव्र असेल तर सणाच्या आधीच पशुवैद्यांकडून औषध ठरवून घ्यावे. फटाक्यांच्या ध्वनिमुद्रणाने सराव द्यायचा असेल, तर तो अगदी हळू आवाजापासून, खाऊच्या सोबतीने, कित्येक आठवडे आधी सुरू करावा लागतो.

‘एका लाडवाने काय होते?’ या तिसऱ्या विधानाला उत्तर थोडक्यात देता येते. रव्याच्या लाडवातले बेदाणे आणि चिवड्यातल्या मनुका काही कुत्र्यांची मूत्रपिंडे निकामी करू शकतात, आणि किती खाल्ल्यास धोका नाही हे आधी सांगता येत नाही. भेट आलेल्या चॉकलेटमध्ये थिओब्रोमीन असते आणि बिनसाखरेच्या काही मिठायांत झायलिटॉल. दोन्ही कुत्र्याला विषारी आहेत. यांपैकी काही त्याच्या पोटात गेल्याचे कळताच, उलटीची किंवा अन्य लक्षणांची वाट न पाहता, पशुवैद्यांना फोन करावा आणि त्याने काय व किती खाल्ले ते सांगावे.