पांढरी पाच, किंचित चढी

पावसावर गाणं लिहिण्याचा आजार मराठी माणसाला शाळेतच जडतो आणि नोकरी लागेपर्यंत बहुतेकांचा बरा होतो. माझा राहिला. यंदा त्याने उचल खाल्ली तेव्हा चाल लावून झाली, कडवी झाली आणि कॉलेजात घेतलेली इलेक्ट्रिक गिटार माळ्यावरून खाली उतरली. स्टुडिओवाले तासाचे पैसे घेतात. घरी तास फुकट, वर चहा. तेव्हा गाणं घरीच रेकॉर्ड करायचं ठरलं.

आमचं घर डोंबिवलीत, दुसऱ्या मजल्यावर. बेडरूमच्या खिडकीखाली खालच्यांनी पत्र्याची शेड टाकलेली. त्यामुळे पावसाचं गाणं पाऊस पडत असताना गाता येत नाही, ही पहिली अट तिथेच ठरली. शेडवर दोन थेंब पडले तरी माइकला धरण फुटल्यासारखं ऐकू येतं. पावसाने उघडीप दिली, की तोवर गप्प बसलेले सगळे बोलायला लागतात. भंगारवाला, कबुतरं, वरच्या मजल्यावर स्टूल ओढणारं कुणीतरी. ते दिवसभर स्टूल कुठून कुठे नेतात हे मला अजून कळलेलं नाही.

पण गळ्याची पाळी नंतर. आधी गिटार. ती अ‍ॅम्पला जोडली आणि मी तारेला हात लावायच्या आतच तिने सूर धरला. हम्म्म्म.

यातली गोम अशी. इलेक्ट्रिक गिटारच्या तारांखाली पिकअप बसवलेले असतात. चुंबकाच्या सहा कांड्या आणि त्यांच्याभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वरची पोलादी तार थरथरली की चुंबकीय क्षेत्र हलतं, गुंडाळीत वीज उत्पन्न होते आणि तीच मोठी होऊन अ‍ॅम्पमधून ऐकू येते. मात्र गिटारची तार कोणती आणि भिंतीतली वायर कोणती, हा भेद गुंडाळीला कळत नाही. ट्यूबलाइटचा चोक, फ्रिज, लॅपटॉपचा चार्जर, सगळ्यांचं ती सारख्याच आस्थेने ऐकून घेते. आपल्याकडची वीज सेकंदाला 50 हेलकावे घेणारी, म्हणजे 50 हर्ट्‌झची. हार्मोनियमची पाचवी पांढरी पट्टी म्हणजे पांढरी पाच. अगदी खालच्या सप्तकात ती येते 49 हर्ट्‌झवर. म्हणजे घराघरात पांढरी पाचचा तंबोरा चोवीस तास लागलेला आहे, फक्त तो अर्ध्या स्वराच्या तिसऱ्या हिश्श्याने चढा आहे. माझं गाणंही पांढरी पाचमध्येच! आता एवढ्याचसाठी वीजवाल्यांना फोन करून ‘साहेब, जरा उतरवता का?’ असं विचारता येत नाही. अमेरिकेतली वीज 60 हर्ट्‌झची. ती तर काळी पाच आणि पांढरी सात यांच्या बरोबर मधल्या फटीत बसते. त्या बेसुराला कंटाळूनच की काय, 1955 साली गिब्सन कंपनीतल्या सेथ लव्हर यांनी दोन गुंडाळ्या एकमेकींच्या उलट जोडून गुणगुण आपसात मारणारा हमबकर काढला. माझ्या गिटारला तीन पिकअप, तिन्ही एकेका गुंडाळीचे. त्यांना मारायला जोडीदार नाही.

गिटार घेऊन जागच्या जागी फिरलं की ही गुणगुण कमीजास्त होते, हा एक दिलासा. मी कंपास धरल्यासारखा बेडरूमभर फिरलो. ती जवळजवळ नाहीशी व्हावी अशी दिशा सापडली ती एकच. तोंड बाथरूमच्या दाराकडे, पाठ कॉम्प्युटरकडे. आपण काय रेकॉर्ड करतोय ते आपल्याला दिसत नाही आणि बाथरूममधून बाहेर येणाऱ्याला आपण दिसतो. आई बाहेर आली, मला गिटार पोटाशी धरून दाराकडे टक लावून बसलेला पाहिलं आणि म्हणाली, “अरे, एवढी घाई होती तर हाक मारायचीस!”

गुणगुण चालवूनही घेतली असती. पण ब्रिजजवळचा, म्हणजे तारा खाली अडकवतात तिथला, पिकअप साफ मुका झाला होता आणि मधला, आवाज जरा वाढवला की किंचाळत होता. मधल्याच्या वेढ्यांमधलं मेण गेलं असणार. ते गेलं की वेढे सैल होऊन स्वतःच थरथरू लागतात. मुक्याला मल्टिमीटर लावला. धडधाकट पिकअप सहा किलोओहमच्या आसपास दाखवतो. याने डावीकडे नुसता एकचा आकडा दाखवला. आत कुठेतरी तार तुटलेली. कांड्यांवर तांबूस गंज चढला होता. डोंबिवलीची दमट हवा आणि माझा कॉलेजातला घाम, दोघांनी मिळून तांबं खाल्लं होतं.

नवे तीन पिकअप मागवले. किंमत घरात सांगितली नाही, बायकोने ती खोक्यावर वाचली. बाकीच्या सामानासाठी मुंबईतला इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांचा लॅमिंग्टन रोड. दादरला गाडी बदलायची, ग्रँट रोडला उतरायचं आणि खांद्याला खांदा लावून दुकानांच्या फळीपर्यंत पोचायचं. मी 250 केचे (किलोओहमचे) पॉट मागितले, म्हणजे आवाज कमीजास्त करायच्या बटणाखालचा भाग. दुकानदार म्हणाला, “किसके लिए?” म्हटलं, गिटारसाठी. “गिटार में पॉट होता है?” शेजारी इन्व्हर्टरचं बोर्ड हातात घेऊन एक आजोबा उभे होते. त्यांनी माझ्याकडे न बघता सांगितलं, “व्हॉल्यूमला लॉग घ्या, लिनिअर घेऊ नका. लिनिअरमध्ये सगळा आवाज एका टोकाला साठतो.” अगदी बरोबर सांगितलं. लॅमिंग्टन रोडला सल्ला सामानाआधी मिळतो आणि सामानापेक्षा टिकाऊ असतो.

गिटार डायनिंग टेबलवर आडवी केली, तारा काढल्या. पुढच्या प्लेटचे अकरा स्क्रू सोडवून वाटीत ठेवले. वाटीत दहाच निघाले. टेबलाखाली, फ्रिजखाली, आईच्या चपलेखाली शोधलं. अकरावा नव्या पिकअपला चिकटून निवांत बसला होता. चुंबकच तो, त्याने आपलं काम सुरू केलं होतं.

सोल्डरिंग या कलेला तिसरा हात लागतो. एका हातात तापलेली आयर्न, दुसऱ्यात सोल्डरची तार, आणि वायर धरायची कुणी? मी ती दातात धरली. सोल्डरमध्ये राळ असते, तिचा धूर सरळ नाकात जातो. दिवेलागणीची वेळ होती. आतून आईचा आवाज आला, “धूप घातलास होय रे?” मी दातात वायर धरून हुंकार दिला. “बरं केलंस,” ती म्हणाली आणि शुभंकरोती सुरू झाली.

वायरींच्या रंगांचं एक वेगळंच प्रकरण आहे. कुठला रंग गरम (आवाज नेणारा) आणि कुठला अर्थिंगचा, याबद्दल दोन कंपन्यांचं एकमत नाही. एका पिकअपची जोडी उलटी लागली की तो एकटा छान वाजतो. शेजाऱ्याबरोबर लावला की दोघांनाही पडसं झाल्यासारखं वाजतं. पत्रिका जुळवावी तसा कागद समोर ठेवून एकेक वायर लावली. मग अ‍ॅम्प चालू करून पेचकसाने एकेका पिकअपवर टकटक केली. टक्. टक्. टक्. तिघेही बोलले. या एवढ्या तीन आवाजांनी मला गाण्यापेक्षा जास्त आनंद दिला, हे कबूल करायला हरकत नाही.

मग रेकॉर्डिंग. लॅपटॉप आवाज थोडा साठवून मग पुढे सोडतो, त्या साठ्याला बफर म्हणतात. तो 1024 ठेवला तर छेडलेला सूर हेडफोनमध्ये निदान 23 मिलिसेकंद उशिरा येतो आणि आपण आपल्याच मागे धावत राहतो. बफर 128 केला तर सूर वेळेवर येतो, पण लॅपटॉप तापतो, त्याचा पंखा घरघरायला लागतो आणि ती घरघर माइक टिपतो. छताचा पंखा तर आधीच बंद. खिडकीला गोधड्या टांगलेल्या. (त्या पाहून समोरच्या काकू दारात येऊन विचारून गेल्या, “कोणाला कांजिण्या निघाल्यात का रे?”) त्या कोंडवाड्यात पहिलं कडवं संपेपर्यंत हनुवटीवरून घामाची धार लागली आणि ती थेट नव्याकोऱ्या पिकअपवर. ज्या घामाने जुने खाल्ले, तोच नव्यांची चव बघत होता. मी टॉवेल गिटारच्या गळ्यात अडकवून पुढे गायलो.

घराने सहकार्य केलं, हे नमूद केलं पाहिजे. पिकअपला मिक्सरच्या मोटरची कुरकुर कळते, पण कुकरची शिट्टी कळत नाही. माइकला दोन्ही कळतात. म्हणून चटणी आदल्या रात्री वाटून झाली आणि मी ‘घेतोय’ अशी आरोळी ठोकली की गॅस बंद करायचा असं ठरलं.

गाणं पुरं झालं. नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकलं. सगळ्यांनी ते फोनच्या स्पीकरवर ऐकलं आणि फोनच्या एवढ्याशा स्पीकरला 50 हर्ट्‌झ वाजवता येतच नाही. म्हणजे ती चढी पांढरी पाच तशीच ठेवली असती तरी कुणाला पत्ता लागला नसता. मामांनी जोडलेले हात पाठवले आणि खाली लिहिलं, “मागे पावसाचा आवाज घातला असतास तर आणखी मजा आली असती.”

हेडफोन लावून शेवटपर्यंत ऐकलं ते एकट्या आईने. डोळे मिटून, मान डोलावत. दुसऱ्या कडव्याच्या शेवटी तिचा चेहरा एकदम गंभीर झाला. तिने हेडफोन काढून माझ्या हातात दिला.

“दोनच शिट्ट्या?” ती म्हणाली. “तरीच त्या दिवशी वरण कच्चं होतं.”