होडीतली जागा आणि ‘टु’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

गुरुजी, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया वाचून आधी रागच आला, खोटं कशाला बोलू. मग चहा घेऊन पुन्हा वाचली, आणि आता सावकाश उत्तर लिहायला बसलोय.

बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. गुरुजींनी पस्तीस वर्षं हायस्कुलात इंग्रजी शिकवलंय. इंग्रजी क्रियापदांपुढचं ‘टु’ मराठीच्या आधाराने कसं शिकवावं, यावरच्या माझ्या मागच्या लेखावर त्यांचे दोन आक्षेप आहेत. ‘मेक’नंतर ‘टु’ कधीच येत नाही, असं मी ठोकून दिलं, ते चूक. आणि मराठीचा टेकू देऊन इंग्रजी शिकवलं की मुलं जन्मभर मनातल्या मनात भाषांतर करत बसतात. त्यापेक्षा कुठल्या क्रियापदापुढे ‘टु’ येतं आणि कुठल्यापुढे नाही, याची यादी घोकून घ्यावी. ‘व्याकरणाला नाक मुरडणारी नवी पिढी’ असंही एक वाक्य त्यात आहे. मी बावन्न वर्षांचा आहे, तेव्हा ‘नवी पिढी’बद्दल आभार.

पहिला आक्षेप बिनशर्त मान्य. ‘दे मेड हिम वेट’ यात ‘टु’ नाही, पण वाक्य उलटवून ‘ही वॉज मेड टु वेट’ म्हटलं की ते परत येतं. ‘कधीच’ हा शब्द माझा आगाऊपणा होता. लेखात दुरुस्ती केली आहे.

दुसऱ्याचं मात्र तसं नाही. त्यासाठी तुम्हाला मालवणच्या धक्क्यावर न्यायला हवं.

सिंधुदुर्ग किल्ल्यावर जाणाऱ्या होड्यांवरची दोन-तीन पोरं संध्याकाळी माझ्याकडे बोलायचं इंग्रजी शिकायला येतात. गेल्या डिसेंबरात त्यांच्यातल्याच एकाच्या होडीत मी बसलो होतो. माणसं डाव्या अंगाला जास्त झाली आणि होडी कलली. आपल्या लोकांना त्याने ‘तकडे सरका’ म्हणून हलवलं. डावीकडे एक उंच गोरा पाहुणा बसला होता, त्याची पिशवी समोर उजवीकडच्या फळीवर होती. आमच्या गड्याने त्या फळीकडे बोट दाखवून स्पष्ट आवाजात सांगितलं, ‘सर, आय वॉन्ट टु सिट हिअर.’ पाहुणा भला माणूस. लगेच वाकला, पिशवी उचलून मांडीवर घेतली, फळी मोकळी करून दिली आणि हसून याला म्हणाला, ‘प्लीज!’ गडी गोंधळला. तेच वाक्य त्याने आणखी मोठ्याने म्हटलं. पाहुण्याने फळी हाताने झटकूनसुद्धा दिली. होडी कललेलीच.

वाक्यात चुकलं काय? ‘वॉन्ट’पुढे ‘टु’ आलंय, म्हणजे तुमच्या यादीप्रमाणे तो पास. राहिला तो फक्त ‘यू’. आणि तो का राहिला, हे कुठलीही यादी सांगत नाही. मराठी सांगते.

आपल्याकडे इच्छा माझी आणि बसणाराही मीच असेन, तर ‘मला बसायचंय’. इच्छा माझी पण बसणारे तुम्ही, तर वाक्याचा साचाच बदलतो : ‘तुम्ही इथे बसावं असं मला वाटतं’. कोण बसणार हे आपलं क्रियापदच सांगतं. इंग्रजीत दोन्हीकडे तेच ‘टु सिट’, तसूभर फरक नाही. सगळा भार मधल्या सर्वनामावर. ते आहे तर तुम्ही बसणार, ते नाही तर मी. गड्याच्या डोक्यात ‘बसावं’ होतं. त्यातलं ‘तुम्ही’ आपण बोलताना सहज गाळतो, तसंच त्याने इंग्रजीतही गाळलं.

शिवाय त्या मधल्या सर्वनामाला दोन धनी. ‘आय वॉन्ट हिम टु कम’ यात येणारा तोच, तरी रूप ‘ही’ नाही, ‘हिम’. कारण रूप ठरवतं आधीचं ‘वॉन्ट’. मराठी माणूस म्हणतो ‘त्याने यावं’, म्हणजे त्याच्या कानाला तो कर्ता आहे. म्हणून ‘आय वॉन्ट दॅट ही शुड कम’ असली वाक्यं आपल्या तोंडी येतात. चूक आळसाची नाही, चांगल्या मराठीची आहे.

पण हीच मराठी दुसरीकडे हात देते. ‘मी त्याला यायला सांगितलं’ आणि ‘आय टोल्ड हिम टु कम’ शेजारी ठेवून बघा : ‘त्याला’च्या जागी ‘हिम’, ‘यायला’च्या जागी ‘टु कम’. ‘त्याला जाऊ दे’ घ्या. इथे आपण ‘जायला’ म्हणत नाही, आखूड ‘जाऊ’ म्हणतो. आणि ‘लेट हिम गो’मध्येही ‘टु’ गळतं. हे दाखवल्यावर ‘लेट’ मला पुन्हा शिकवावं लागलं नाही. ‘मेक’ला मात्र मराठी दगा देते, कारण आपण ‘थांबायला लावलं’ म्हणतो आणि पोरं इमानदारीत ‘मेड हिम टु वेट’ करतात. ‘सजेस्ट’चं तेच. ‘त्याने मला जायला सुचवलं’ बिनधोक मराठी आहे. ‘ही सजेस्टेड मी टु गो’ चालत नाही. तेव्हा भांडण मराठीशी नको, कुठे साचा जुळतो आणि कुठे नाही एवढंच दाखवायचं.

‘प्रॉमिस’बद्दल तुम्ही लिहिलंत की नियम नीट शिकवला असता तर मुलं चुकली नसती. ‘आय आस्क्ड हर टु कम’ यात येणार ती, ‘आय प्रॉमिस्ड हर टु कम’ यात येणार मी. वाक्यांची ठेवण हुबेहूब एक. अमेरिकी भाषाशास्त्रज्ञ कॅरल चॉम्स्की यांनी ५ ते १० वर्षांच्या, इंग्रजी हीच मातृभाषा असलेल्या मुलांना बाहुल्या देऊन असली वाक्यं करून दाखवायला सांगितली होती. १९६९ मध्ये ते पुस्तकरूपाने आलं. त्यातली बरीच मुलं ‘प्रॉमिस’पाशी भलतीच बाहुली हलवत होती. मग मालवणच्या दांडी भागातल्या आमच्या पोराला मी काय म्हणून दटावू? त्याला ‘येईन असं तिला कबूल केलं’ आणि ‘तिला यायला सांगितलं’ ही दोन वाक्यं म्हणून दाखवली, ‘येईन’ ऐकल्यावर तो गप्प झाला आणि मग ‘हां’ म्हणाला.

व्याकरणाला मी नाक मुरडत नाही हो. मालगुंडच्या केशवसुतांच्या धाकट्या भावाने, मोरो केशव दामल्यांनी, १९११ मध्ये मराठीचं एवढं थोरलं व्याकरण लिहिलं. त्या किनाऱ्यावर राहून कुठल्या तोंडाने मुरडू? तुमच्या यादीतल्या ‘हेल्प’च्या नोंदीशीही माझं भांडण नाही. ‘टु’ असलं तरी चालतं, नसलं तरी चालतं.

होडीचं सांगायचं राहिलं. आठवडाभर त्या गड्याकडून ‘आय वॉन्ट यू टु सिट हिअर’ घोकून घेतलं. म्हणजे घोकंपट्टी मीही केलीच, हे तुम्ही म्हणायच्या आत कबूल करतो. जानेवारीत परत त्याच्या होडीत बसलो. होडी भरली, एका अंगाला कलली. त्याने एका बाईंकडे बघितलं, बांबूने फळी दाखवली आणि म्हणाला, ‘मॅडम, यू. हिअर.’

बाई उठून तिथे जाऊन बसल्या.