पक्ष्यांसाठी म्हणे पेव्हर!

आता तळ्याच्या कडेलाही पेव्हर. आमच्या गोव्यातल्या गावाचा रस्ता झाला, देवळापुढचं अंगण झालं, स्मशानाची वाटसुद्धा झाली. तळं तेवढं राहिलं होतं. फलकावर लिहिलंय ‘पक्षी अधिवास पुनर्संचयन व सुशोभीकरण’. पहिले तीन शब्द पक्ष्यांना, शेवटचा ठेकेदाराला. आणि पैसा कुठल्या शब्दावर गेला ते वेगळं सांगायला नकोच.

या तळ्याचा काठ उतरता होता. आधी घोटाभर पाणी, मग गुडघाभर, मग कमळं. बगळा त्या उथळ पट्ट्यातच उभा राहतो, शेकाट्या तिथेच चालतो, रात्रभर चरून आलेल्या अडया, म्हणजे रानबदकं, दिवसा तिथल्याच गवताच्या आडोशाला बसतात. कमळपक्षी तर तरंगत्या पानांवर अंडी घालतो, आणि ती उबवायला बसतो तो नर. असा सगळा संसार त्या दोन-चार हातांच्या पट्ट्यात. जेसीबीने काय केलं? गाळाबरोबर कमळंही ओढून काढली, काठ उभा कापला आणि वर चिऱ्यांची भिंत चढवली. भिंतीला लागूनच पुरुषभर पाणी. बगळ्याने आता पोहायला शिकायचं? रात्रभर जळणारे दिव्यांचे खांब आलेत, आणि प्रवेशद्वारावर सिमेंटचा गुलाबी फ्लेमिंगो. खरा बगळा हाकलला आणि खोटा उभा केला, तोही रंगवून!

विचारायला गेलो तर पंच म्हणतो, “भाऊ, लोकांना संध्याकाळी फिरायला जागा नको?” हवी की! मग फलकावर तसंच लिहा. पक्ष्यांचं नाव कशाला लावता?

नदीकडे गेलं की वेगळाच तमाशा. ओहोटीला मांडवीचा चिखल उघडा पडतो, तो साहेबांच्या नजरेत ‘पडीक’. मोकळी जागा दिसली की यांचे हात शिवशिवतात. मग पर्यावरण दिनाला टोप्या, बॅनर, नाश्त्याचे पुडे, आणि मुलांच्या हातून त्या चिखलात खारफुटीची रोपं. अहो, त्या चिखलात किडे, शिंपल्या, खेकड्यांची पिल्लं खच्चून भरलेली असतात. थंडीत उत्तरेकडून हजारो किलोमीटर उडून येणारे तुतवार आणि चिखल्या त्याच्यावरच जगतात. आखूड चोचीचा वरचं टिपतो, लांब बाकदार चोचीचा कोरल खोलातलं ओढून काढतो. परत जाण्याआधी त्यांना अंगावर चरबी चढवायची असते, आणि खायची वेळ म्हणजे ओहोटीचे तेवढे तास. त्यांना उघडं रान लागतं, ससाणा लांबून दिसावा म्हणून. तिथे झाडी केली तर ते बसणार कुठे? आणि बरीचशी रोपं तशीही मरतात, कारण फार वेळ पाण्याखाली राहणारा तो भाग खारफुटीचा नसतोच. जिथे तिला जमतं तिथे ती आपसूक उगवते, भाषणं न ऐकता.

खारफुटीशी माझं भांडण नाही. मांडवीतल्या चोडण बेटावरचं सलीम अली पक्षी अभयारण्य १९८८ सालचं, क्षेत्र जेमतेम १.७८ चौरस किलोमीटर, आणि ते उभंच आहे खारफुटीवर. माझा राग वेगळ्या गोष्टीचा आहे. नदीच्या बाजूला फोटोसाठी दोनशे रोपं लावायची आणि रस्त्याच्या बाजूला उभ्या खारफुटीत रात्री टिप्पर रिकामे होताना डोळे मिटायचे. घर पाडल्याचा मलबा, टाइल्स, कमोडसुद्धा. तक्रार केली तर पहिला प्रश्न, “गाडीचा नंबर घेतला का?” मी काय बॅटरी घेऊन रात्रभर उभा राहू? पगार कोणाला मिळतो?

खरं काम कुठे पडलंय ते सगळ्या गावाला ठाऊक आहे. खाजनाच्या, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या शेतजमिनीच्या, मानशीची फळी कुजली आहे. मानस म्हणजे बांधातलं पाण्याचं दार. ही फळी म्हणजे काही मोठं यंत्र नव्हे. भरती आली की पाण्याच्या दाबानेच दार मिटतं, ओहोटीला आतल्या पाण्याने उघडतं. पोर्तुगीज येण्याच्या कितीतरी आधीपासून याच्यावर आमची शेती चालली. पावसात कोरगुट हे खारं सोसणारं भात, ते निघालं की पोंयीत, म्हणजे मानशीजवळच्या डोहात, मासळी आणि कोळंबी, आणि या सगळ्यावर जगणारे पक्षी. फळी गेली की खारं पाणी आत, बांध आतून पोखरला जातो, एक दिवस खांड पडते आणि शेत बुडतं. मग त्यात खारफुटी वाढते, ती तोडायला कायद्याने बंदी, आणि शेतकरी कायमचा बाहेर. वर टाळ्या वाजवणारे आहेतच, ‘वा, हिरवळ वाढली!’

शेती आणि पक्षी एकत्र नांदत नाहीत म्हणणाऱ्याने कुडचड्याला जावं. जुवारीच्या उपनदीलगतचं नंदा तळं २०२२ साली रामसर यादीत, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, गेलं, गोव्यातलं पहिलं. त्याच्या साठवलेल्या पाण्यावर खालची भातं होतात, आणि अडया, कमळपक्षी, पाणकावळे तिथेच राहतात. तिथे काय आहे ते बघायला अभ्यास दौरा काढा हवा तर, बस आणि जेवणासकट. तुम्हाला तेवढंच आवडतं.

आमच्याकडे मात्र पुढच्या टप्प्याची निविदा निघाली आहे. कारंजं बसवायचं आहे म्हणे, रंग बदलणारं. मी ग्रामसभेत उभा राहून म्हटलं, त्या पैशात मानशीची फळी बदला, खांड बुजवा, उरलेल्यातून तळ्याचा निदान एक काठ पुन्हा उतरता करून द्या. सभा हसली. मागून कोणीतरी म्हणालं, “फळीचं उद्घाटन करायला मंत्री येईल का?”

तेवढ्यावर विषय संपला आणि चहा आला.