स्तोत्र सोडण्याआधी शत्रू नीट निवडा

‘आपल्या वैऱ्यांवर प्रीती करा’ हे वचन तुमच्या हॉलमधल्या कॅलेंडरवर आहे. ते तिथंच राहू द्या. तुमचं काम बायबलमधल्या 109 व्या स्तोत्राशी, शत्रूला शाप देणाऱ्या प्रार्थनेशी आहे, त्यातही सहाव्या वचनापासून विसाव्यापर्यंत. त्याचे दिवस थोडे होवोत, त्याची बायको विधवा होवो, पोरं दारोदार भीक मागोत, सावकार सगळं लुटून नेवो. काही राहिलंय का? शंका नको, हे पवित्र शास्त्रच आहे. येशूला धरून देणाऱ्या यहूदाची जागा भरायची वेळ आली तेव्हा येशूचा शिष्य पेत्र यानंही यातलंच वचन काढलं होतं: त्याचा कारभार दुसरा घेवो. मंडळीच्या कमिटीची निवडणूक जवळ आली की तुम्हीही तेच काढा. ‘दुसरा’ कोण हे देवाला वेगळं सांगायला नको. अर्ज तुम्ही भरलेलाच आहे.

शत्रू मात्र जवळचा आणि बेतानं निवडावा. बांध कोरणारा चुलतभाऊ उत्तम. किंवा ख्रिसमसच्या कार्यक्रमात तुमच्या सुनेचं गाणं कापणारा क्वायर मास्टर. घरगुती प्रार्थनेत त्याचं नाव घेऊ नका, ते ख्रिस्ती माणसाला शोभत नाही. डोळे घट्ट मिटा, आवाज थोडा कापरा करा आणि म्हणा, “हे प्रभो, तू अंतर्यामी आहेस. आज रात्री या खोलीत, दाराजवळच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर, निळा स्वेटर घालून जो बसलाय, त्याला तू ओळखतोस.” एवढ्यात सगळ्या खोलीनं एकेक डोळा उघडून दाराकडं बघितलेलं असतं. त्यानंतरचं ‘आमेन’ कसं दणक्यात येतं ते बघा.

मोठ्या दुष्टाईच्या नादाला लागू नका. उसाच्या काट्यावर वजन मारणारा, बिल थकवणारा यांच्यासाठी हे स्तोत्र नाही. त्यांच्याकडून पुढच्या वर्षी वर्गणी घ्यायची असते. मायक्रोफायनान्सचे वसुलीवाले बायकांच्या दारात बसून शिव्या देतात, हे इतकं वाढलं की फेब्रुवारी 2025 मध्ये कर्नाटक सरकारला त्याविरुद्ध वटहुकूम काढावा लागला. त्या काळात आपल्या किती उपासनांत कुणी देवाकडं दाद मागितली, हे विचारत बसू नये. आणि 23 डिसेंबर 2021, नाताळला दोन दिवस उरलेले, आपल्याच बेळगावच्या सुवर्ण विधानसौधात कर्नाटक विधानसभेनं धर्मांतरबंदीचं विधेयक मंजूर केलं, तो दिवस? अशा वेळी ‘प्रभो, सर्वांना सुबुद्धी दे’ म्हणावं आणि लगेच केकच्या ऑर्डरकडं वळावं. दात पाडायची विनंती 58 व्या स्तोत्रात आहे, पण ती चुलतभावासाठी राखून ठेवावी.

लूकच्या अठराव्या अध्यायातली विधवा तेवढी आदर्श म्हणून घेऊ नका. तिनं काय केलं? ना पैसा, ना ओळख, अन्यायी न्यायाधीशाच्या मागं रोज लागली आणि मागितलं काय, तर फक्त न्याय. प्रतिवादीचं वाटोळं कर असं एकदाही म्हणाली नाही. तिला मागायचं कसं तेच कळत नव्हतं. ‘किती काळ, हे परमेश्वरा?’ हा प्रश्न तर आपण सीमाभागातल्या माणसांनी विचारूच नये. 1956 पासून दर 1 नोव्हेंबरला, काळ्या दिनी, आपण हेच विचारतोय, सीमाप्रश्नाचा सुप्रीम कोर्टातला दावा 2004 पासून पडून आहे, तारखेचा आपल्याला सराव आहे. बांधाच्या बाबतीत मात्र देवानं पुढच्या रविवारपर्यंत निकाल लावावा.

काही लोक हे सगळं उगाच अवघड करून ठेवतात. जर्मनीत 1937 च्या जुलैत, नाझी राजवट पाळकांना तुरुंगात टाकत होती तेव्हा, डिट्रिख बॉनहोफर या पाळकांनी नेमका 58 व्या स्तोत्रावर उपदेश केला. सांगितलं काय, तर अशी प्रार्थना फक्त निर्दोष माणूसच करू शकतो, म्हणजे शेवटी ख्रिस्तच. जर्मनीत निर्दोष माणसांची टंचाई असेल. आपल्याकडं एका कमिटीत अकरा-अकरा बसतात.

सूड घेणं देवाकडं आहे, असं पौल रोमकरांना लिहितो. म्हणजे एकदा प्रार्थना केली की आपले हात मोकळे. दाविदाला हे जमलं नाही. ज्या दाविदाच्या नावावर 109 वं स्तोत्र आहे, त्याच्या तावडीत त्याच्या जिवावर उठलेला राजा शौल गुहेत आयता सापडला होता, तरी त्यानं झग्याचा काठ तेवढा कापला आणि त्याचीही त्याला रुखरुख लागली. आपण इतके मागासलेले नाही. रविवारी स्तोत्र वाचावं, सोमवारी चुलतभावाचा पाइप तोडावा, मंगळवारी वकील गाठावा. देवाला मदत होते.

आणि एक गोष्ट जपून. 139 वं स्तोत्र वाचायला घेतलंत तर दुर्जनांचा वध कर, मी त्यांचा पुरा द्वेष करतो, इथपर्यंत बिनधास्त वाचा. ते 22 व्या वचनाला संपतं. तिथंच पुस्तक मिटा. पुढं दोनच वचनं उरतात आणि त्यांत तो माणूस अचानक देवाला स्वतःचंच काळीज तपासायला सांगतो. चुलतभाऊ समोर बसलेला असताना ती वाचून घोटाळा करू नका, चहा आलाय म्हणावं.