वनवासाला निघताना चार्जर घ्या

नाशिकला परगावच्या माणसांची सवय फार जुनी. आमच्याकडे आलेलं पहिलं नावाजलेलं विस्थापित कुटुंब तिघांचं होतं. त्यांना पंचवटीचा पत्ता दिला अगस्त्य ऋषींनी, तोही तोंडी. पाणी कुठं, फळं कुठं, कुटी कुठं बांधा, सगळं एका बैठकीत. लक्ष्मणानं पर्णकुटी उभी केली तेव्हा तिचा जिओ-टॅग फोटो कुणी मागितला नाही. शेजारी जटायू. तो म्हणाला, तुम्ही दोघं बाहेर गेलात तर सूनबाईंवर माझं लक्ष आहे. टोकन नाही, ओटीपी नाही, अर्ज क्रमांक नाही. असल्या अघळपघळ कारभाराचं पुढं काय झालं, ते तुम्ही जाणताच.

आता तसं राहिलेलं नाही. तेव्हा नव्या गावात बस्तान बसवायला निघालेल्यांसाठी चार हिताच्या गोष्टी सांगतो.

पूर आला, जमीन गेली, गावात जाळपोळ झाली, तर आधी सिमकार्ड कनवटीला लावा, मग पोरं उचला. कपडे मिळतील, भांडी मिळतील, आधारला जोडलेला नंबर मिळणार नाही. नंबर बदलला म्हणजे तुम्ही बदललात. घर एकदा सोडलं तर चालेल, रिचार्ज सोडू नका.

दुसरं म्हणजे, पोट भरायला जिथं जाताय तिथं हातानं काम करू नका. मागच्या ऑक्टोबर छाटणीला सुरगाण्याहून दिंडोरीच्या द्राक्षबागांत आलेल्या टोळीतल्या एका मावशींबरोबर मी रेशन दुकानात गेलो होतो. दिवसभर कात्री, मग काड्यांच्या डोळ्यांना पेस्ट. त्या हाताचा अंगठा मशीनला लागेना. "मावशी, हात धुऊन या." धुतले. "पुसून लावा." पुसले. "दुसरं बोट बघू." बोटं दहाच असतात, ती संपली. मग ओटीपी. तो गेला नातवाच्या फोनवर, आणि नातू वापीला कंपनीत, फोन गेटवर जमा. एका किलोच्या पिशवीपायी दिंडोरी, सुरगाणा आणि वापी अशी तीन गावं जोडली गेली. तंत्रज्ञान माणसं जोडतं ते असं. "उद्या या" हे शेवटी दुकानदारालाच सांगावं लागलं, मशीनमध्ये तेवढी माणुसकी अजून बसवलेली नाही. तर मजुरीला निघण्याआधी पंधरा दिवस हात खोबरेल तेलात ठेवा. किंवा माझ्यासारखा लिहिण्याचा धंदा धरा, रेषा शाबूत राहतात.

इथं एक कबुली. एक देश, एक रेशनकार्ड ही सोय खरंच कामाची आहे. 9 ऑगस्ट 2019 ला महाराष्ट्र-गुजरात आणि आंध्र-तेलंगणा अशा जोड्यांनी ती सुरू झाली, जून 2022 मध्ये आसाम आलं आणि देश पुरा झाला. बिहारचं कार्ड आमच्या नाशकातल्या सातपूरला चालतं, आणि थोडं धान्य इथं, उरलेलं गावी घरच्यांनी उचललं तरी चालतं. उपरोधिक लेखात असं काही लिहावं लागलं की लेखकाची पंचाईत होते, म्हणून पुढं जाऊ.

असंघटित कामगारांच्या सरकारी नोंदणीचं, म्हणजे ई-श्रमचं कार्ड मात्र जरूर काढा. 26 ऑगस्ट 2021 ला पोर्टल सुरू झालं आणि आता तिथं तीस कोटींहून जास्त माणसं आहेत. बारा आकडी नंबर मिळतो. त्याचं पुढं काय करायचं, असं सेवा केंद्रातल्या पोराला विचारलं तर तो म्हणाला, "लॅमिनेशन करू का?"

काही वाचकांचा ओढा परदेशाकडे असेल. तिथली व्यवस्था आपल्या किती पुढं आहे बघा. जॉर्डनमध्ये अझरक छावणीतले सीरियन निर्वासित किराण्याचे पैसे देत नाहीत, डोळा देतात. यंत्रानं बुबुळ ओळखलं की हिशेब वळता, आणि 2017 पासून त्यामागं ब्लॉकचेन नावाची डिजिटल वही आहे. आमच्या रविवार कारंजावरच्या शेटजींनी तेल-साखरेची उधारी तीन पिढ्या वहीवर चालवली, बिचाऱ्यांना चेहरा पुरत असे.

जर्मनीत ओळखीची कागदपत्रं नसलेल्या आश्रय मागणाऱ्याला एक चित्र दाखवून त्याचं आपल्या भाषेत वर्णन करायला लावतात. बोली ओळखणारं सॉफ्टवेअर 2017 पासून सांगतंय की हा बुवा कुठल्या मुलखातला असावा. ही सोय नाशिक जिल्ह्याला मिळालीच पाहिजे. बागलाणचा माणूस अहिराणीत बोलू लागला की यंत्र त्याला गुजरातेत धाडेल, पेठचा कोकणा बोलला की डांगात. राहता राहिले मालेगावचे विणकर. त्यांचे पूर्वज 1857 नंतर उत्तरेतून आग्रा रस्त्यानं आले, त्यांचं काय करायचं यावर यंत्र गरगर फिरत बसेल.

अमेरिकेची दक्षिण सीमा तर आदर्शच. जानेवारी 2023 पासून तिथं आश्रयासाठी ॲपवर वेळ घ्यावी लागे. ॲप काळ्यासावळ्या चेहऱ्यांना ओळख दाखवत नाही, अशा तक्रारी झाल्या. तरी लोक मेक्सिकोत महिनोन्‌महिने थांबले, रोज फोन हाती घेऊन बसले, वेळ मिळवली. 20 जानेवारी 2025 ला नवे अध्यक्ष शपथ घेऊन बसले आणि त्याच दिवशी पुढच्या सगळ्या वेळा रद्द. लोक सीमेवरच्या पुलाशी येऊन उभे होते. आपल्या कचेरीतला बाबू जेवायला गेला तर निदान रिकामी खुर्ची तरी दिसते, भांडायला काहीतरी समोर असतं.

आणि तुम्ही, इंदिरानगरला नाहीतर गंगापूर रोडला केव्हाच स्थिरावलेले वाचकहो, तुमच्यासाठी एवढंच. भाडेकरूची पोलिसांकडे ऑनलाइन नोंद करा. सोसायटीच्या ग्रुपवर "बाहेरचे नकोत" टाका, त्याला ना अंगठा लागतो ना ओटीपी, आणि सर्व्हर कधी डाऊन नसतो. सकाळी पेठ फाट्यावर कामासाठी उभ्या असलेल्यांपैकी कुणी "दादा, रेशनचं दुकान कुठं?" असं विचारलंच, तर बोट दाखवू नका. तोंडी पत्ते देण्याची रीत अगस्त्यांबरोबर गेली. त्याला लिंक पाठवा. फोन साधा असेल तर त्याचा नंबर घ्या, तरी पाठवा. दुकान समोरच्या गल्लीत, तुम्हाला उभ्या जागेवरून त्याचं शटर दिसतंय, हे काही बोलून दाखवू नका.