साकागाविया वाटाडी नव्हती
महिला दिन जवळ आला की एक मजकूर हमखास फिरू लागतो. सोळा वर्षांची आदिवासी मुलगी साकागाविया, पाठीला तान्हं बाळ. तिने लुईस आणि क्लार्क या अमेरिकी कप्तानांना माणसाचं पाऊल न पडलेल्या मुलखातून वाट दाखवत थेट पॅसिफिक समुद्रापर्यंत नेलं. मुलगी खरी, बाळ खरं, प्रवासही खरा. वाट दाखवल्याचं मात्र खरं नाही. ते खोडायला हवं, कारण त्यापायी तिचं स्वतःचं काम झाकलं जातं आणि ज्यांनी वाट दाखवली ती माणसंही.

‘सगळी वाट तिने दाखवली.’ लुईस-क्लार्क यांची पॅसिफिककडे जाणारी वाट शोधायची मोहीम निघाली 14 मे 1804 रोजी. साकागाविया तिच्यात आली त्यानंतरच्या हिवाळ्यात, सुमारे 1600 मैल मागे पडल्यावर, मंडान आणि हिदात्सा या आदिवासी लोकांच्या वस्त्यांजवळ. ती जन्माने शोशोनी या दुसऱ्या जमातीतली. 1800च्या सुमारास हिदात्सांनी तिला पळवून आणलं होतं आणि शार्बोनो नावाच्या फ्रेंच-कॅनेडियन व्यापाऱ्याने तिला बायको करून घेतलं होतं. डोंगर ओलांडायला घोडे लागणार, घोडे शोशोनींकडे, आणि त्यांची भाषा कप्तानांच्या माणसांपैकी कुणालाच येत नव्हती. म्हणून शार्बोनोला दुभाष्या नेमलं आणि तिला सोबत घेतलं.

पुढे महिनोन्‌महिने मिसुरी नदीतून वर जायचं होतं. वाट चुकण्याचा खरा प्रसंग आला जून 1805 मध्ये. समोर दोन नद्या मिळत होत्या. यातली मिसुरी कुठली? बहुतेक सगळी माणसं उत्तरेकडची म्हणाली. कप्तानांनी अनेक दिवस पाहणी करून दक्षिणेकडची धरली. या वाटेवर मोठा धबधबा लागेल, असं हिदात्सांनी आधीच सांगून ठेवलं होतं. 13 जूनला लुईसला तो धबधबा दिसला. साकागाविया तेव्हा आजारी होती, तिच्या जिवाचीच काळजी लागली होती.

आपल्या माहेरच्या मुलखात मात्र तिने खुणा ओळखल्या, हे नाकारायचं कारण नाही. ऑगस्टमध्ये बीव्हरहेडचा खडक तिने ओळखला. परतीच्या प्रवासात जुलै 1806 मध्ये यलोस्टोन नदीकडे जाणारी खिंडही तिनेच सुचवली, आणि या भागात वाटाडी म्हणून तिचा मोठा उपयोग झाला असं क्लार्कने रोजनिशीत लिहून ठेवलं. पण एका टप्प्याबद्दलचं हे वाक्य अख्ख्या खंडाला लावलं गेलं आहे.

‘समुद्रापर्यंत नेलं.’ बिटररूट डोंगरांतून पलीकडे नेलं ते एका वयस्कर शोशोनी माणसाने. मोहिमेतले लोक त्याला ओल्ड टोबी म्हणत. सप्टेंबरात बर्फ पडलं, एकदा तोही चुकला, खायला काही उरलं नाही तेव्हा शिंगरं मारून खावी लागली, पण त्याने त्यांना पार केलं. ऑक्टोबरात तो आपली मजुरी न घेताच निघून गेला. पलीकडे नेझ पर्स या आदिवासी लोकांनी उपाशी माणसांना सुकवलेला मासा आणि कंद खाऊ घातले, आगीने खोड कोरून होड्या करायला शिकवलं. त्यांचा मुखिया ट्विस्टेड हेअर याने पांढऱ्या कातड्यावर पुढच्या नद्यांचा नकाशा काढून दिला आणि तो स्वतः सोबत, पॅसिफिकला मिळणाऱ्या कोलंबिया नदीपर्यंत गेला. त्याच्या नावाने कुणी मजकूर फिरवत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

‘माणसाचं पाऊल न पडलेला मुलूख.’ मंडान-हिदात्सांच्या पाच गावांत मिळून साडेचार हजारांच्या आसपास माणसं राहत होती. त्या काळच्या सेंट लुईस शहरातही एवढी नव्हती. मोहिमेने त्यांच्याच मक्यावर हिवाळा काढला, बदल्यात लोहारांनी कुऱ्हाडी घडवून दिल्या. आणि खंड ओलांडणारा पहिला गोरा म्हणाल, तर अलेक्झांडर मॅकेन्झी 1793 मध्येच कॅनडातून पॅसिफिकला पोचला होता.

मग साकागावियाने केलं काय? 17 ऑगस्ट 1805चा दिवस बघा. शोशोनी मुखियाशी घोड्यांची बोलणी सुरू व्हायची होती. ती दुभाषी म्हणून येऊन बसली आणि समोरच्या मुखियाकडे तिचं लक्ष गेलं. तो कॅमेआह्वेट, तिचा भाऊ. ती धावत गेली, अंगावरचं पांघरूण त्याच्यावर टाकून रडू लागली. मग परत जागेवर बसून तिने काम सुरू केलं, आणि मध्येमध्ये तिला रडू फुटत राहिलं. कप्तानांचं इंग्रजी एक जण फ्रेंचमध्ये सांगायचा, शार्बोनो ते हिदात्सात, आणि ती शोशोनीत. मोहिमेला घोडे मिळाले.

त्याच वर्षीच्या एप्रिलमधली, रोजनिशीतली आणखी एक नोंद मला फार आवडते. मुक्कामाला पोचल्यावर ती टोकदार काठी घेऊन वाहून आलेल्या लाकडांच्या ढिगांभोवती जमीन टोचत फिरली. उंदरांनी बिळांत साठवलेले कंद तिने असे शोधून काढले. आणि बाई सोबत असलेली टोळी लढायला आलेली नसते, हे वाटेवरचे लोक तिला पाहूनच ओळखत, असं क्लार्क ऑक्टोबरात लिहितो.

‘मोहिमेने तिचा सन्मान केला.’ शार्बोनोला 500 डॉलर 33 सेंट मिळाले, तिला काहीच नाही. क्लार्कचा गुलाम यॉर्क याच मोहिमेत राबला, त्यालाही काही मिळालं नाही. ऑगस्ट 1806 मध्ये निरोप घेतल्यावर थोड्याच दिवसांत क्लार्कने शार्बोनोला पत्र लिहिलं: तुझ्या बायकोने या लांबच्या, धोक्याच्या वाटेवर जी सेवा केली, तिच्यासाठी आम्हाला देता आलं त्याहून मोठं बक्षीस तिला मिळायला हवं होतं.